लिंक धाडणाऱ्या कचेऱ्यांना आमचा सवाल

"पार्सल अडकले आहे, बारा शेकेल भरा." आमच्यातल्या एका बाईने लिंक दाबली, कार्डाचा नंबर दिला, आणि पेन्शन जमा झाली त्याच दिवशी खाते रिकामे झाले. मुले म्हणाली, "आई, कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

कळणार कसे? बँका आणि कचेऱ्या एक दिवस बजावतात की लिंक दाबू नका, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तसलीच आखूड लिंक धाडतात! आम्ही मुंबईला नर्सिंग शिकलो तेव्हा चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले औषध मेट्रनने सांगितले तरी देत नसू. इथे बिनचिठ्ठीची बाटली घेतली नाही तर काम अडते, आणि घेतली तर दोष म्हातारीचा.

वर कोणी शहाणा सांगतो, कुलपाचे चित्र बघा. ते कुलूप एवढेच सांगते की वाटेत तुमचे लिखाण कोणी वाचणार नाही. पलीकडे कोण बसला आहे, ते नाही. पाहायचा तो पत्ता. इथल्या सरकारी कचेरीचा पत्ता पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वी 'जीओव्ही डॉट आयएल' असा संपतो. ही अक्षरे मध्येच घुसवून पुढे टिंब नि भलतेच नाव असेल तर तो लबाड. बितुआख लेउमीचे काम असेल तर पत्ता स्वतः टाइप करावा. शंका आली तर सायबर खात्याला ११९ वर फोन करावा, रात्री दोनलासुद्धा.

पण सारे आम्हीच का शिकायचे? कचेऱ्यांनी लिंक धाडणे बंद करावे. "तुमचे पत्र आले आहे" एवढेच लिहावे. ते कुठे वाचायचे, आम्हाला ठाऊक आहे.