तारेच्या आत मागितलेला चहा

15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून उभा राहिला. तेव्हापासून आमच्या टपऱ्यांवर एकच वाद चालतो: याला आणलं कुणी? पोलिसांच्या सी-60 पथकाच्या जवानांनी, सरकारच्या धोरणानं, की वयानं आणि थकव्यानं? मला मात्र राहून राहून कोल्हापूरकडचे एक सेनाधिकारी आठवतात. त्यांचा गडचिरोलीशी काडीचाही संबंध नव्हता.

मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. साल 1953. कोरियातलं युद्ध थांबता थांबत नव्हतं आणि घोडं अडलं होतं कैद्यांवर. अमेरिकेच्या बाजूच्या छावण्यांतले हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी घरी परतायला तयार नव्हते. त्यांना जबरदस्तीनं पाठवायचं की नाही, यावर दोन महासत्ता हटून बसल्या होत्या. नेहरूंच्या वतीनं कृष्ण मेनन यांनी 1952 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघात तोडगा मांडला, तेव्हा रशियानं तो धुडकावला, चीननं नाकारला, अमेरिकेनंही आधी नाकच मुरडलं. सगळ्यांच्या शिव्या खाल्लेली ती योजना पुढे थोड्याफार फरकानं सगळ्यांनी स्वीकारली. 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाला. कैद्यांच्या परतीसाठीच्या आयोगाचं अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आलं आणि कैद्यांची राखण थोरातांच्या भारतीय फौजेकडे. दक्षिण कोरियाचे सिंगमन ऱ्ही या फौजेचे पाय आपल्या जमिनीला लागू द्यायला तयार नव्हते, म्हणून आपले जवान इंचॉनला जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. मध्यस्थाचं स्वागत असंच होतं.

सप्टेंबरात कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला तारेच्या आत ओढून ओलीस ठेवलं. बाहेर बंदुका तयार होत्या. थोरात मोजक्या सोबत्यांनिशी, हातात शस्त्र न घेता आत गेले. भोवती खवळलेला जमाव. थोरातांनी जमावाला पाहुण्याच्या हक्कानं झापलं: दारी माणूस आलाय आणि चहा-सिगारेट विचारायची रीत नाही? जमाव आधी गोंधळला, मग सैलावला. ग्रेवाल सुटले.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारतीय पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले. शिवाय तारेच्या आतला कैदी मनाचा राजा नव्हता. त्याचेच म्होरके त्याच्यावर पाळत ठेवून असत. घरी जायचं असेल त्यानं अंधारात कुंपण ओलांडून भारतीय पहारेकऱ्याकडे धाव घ्यायची. साडेबावीस हजारांतले जेमतेम सहाशे-साडेसहाशे परतले. 88 जणांना दोन्ही बाजू नको होत्या. ते आपल्या फौजेबरोबर बोटीनं भारतात आले.

आमच्याकडच्या माणसाला या 88 जणांचं मन लगेच कळेल. सरकार आणि माओवादी ही सारख्या वजनाची पारडी नाहीत. एकाला मतपेटी आहे, दुसऱ्याला नाही. पण रात्री अंगणात आलेल्या दादालोकांना भात वाढावा लागतो आणि सकाळी पोलीस विचारतात, भात कुणासाठी शिजला होता? हा तोल सांभाळण्यात इथल्या दोन पिढ्या गेल्या. दलममधला, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीतला, पोरगाही असाच. मागे दलमची नजर, पुढे पोलिसांची. त्यानं धाव घ्यावी असा पहारेकरी आमच्या रानात नव्हता. सरकार स्वतःच लढणारं, त्यामुळे मधली खुर्ची रिकामीच राहिली.

चहा मागणारा माणूस भोळा असतो, असं कुणी समजू नये. याच थोरातांनी पूर्व विभागाचे सेनाप्रमुख असताना, 1962 च्या युद्धाच्या आधीच, ईशान्य सीमेवर चीन काय करू शकतो याचा इशारा दिला होता. दिल्लीनं तो बासनात ठेवला. त्या युद्धातल्या पराभवानंतर उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्यांपैकी एक आमच्या भद्रावतीला आहे. वणी-वरोऱ्याकडून येता-जाता तो दिसतो तेव्हा मला तो बासनातला कागद आठवतो.

भूपतीची शरणागती मोठी घटना आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण ती दोन बंदूकधाऱ्यांमधली घटना आहे. खबऱ्या ठरवून ज्यांना मारलं आणि प्रेताशेजारी पत्रक टाकलं, त्या पोलीस पाटलांची, कोतवालांची घरं त्या शरणागतीच्या मांडवात कुठे होती? ज्या पोरांना दलमनं उचलून नेलं आणि जी चकमकीत गेली, त्यांच्या आया कुठे होत्या? आत्मसमर्पण केलेला पोरगा उद्या याच घरांच्या शेजारी राहायला येणार आहे आणि ती भेट कुठलंही धोरण घडवून आणणार नाही.

म्हणून मुख्यमंत्र्यांना एवढंच सांगणं: पुढचा दौरा मुख्यालयात नको. भामरागड-एटापल्लीकडच्या अशा एखाद्या घरी जा, अंगणात टेका आणि चहा मागा. कोरा मिळेल.