आधी श्वास मोजा

आयसीयूच्या खाटा आणि व्हेंटिलेटर वाढवण्याच्या घोषणा होतात. त्या खाटा हव्यातच, पण गंभीर रुग्ण वाचणार की दगावणार हे पुष्कळदा त्याआधी, साध्या वॉर्डातच ठरून गेलेले असते. सेप्सिसचेच पाहा. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसादच बिथरतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू निकामी होऊ लागतात. ‘लॅन्सेट’मधल्या २०२०च्या अभ्यासानुसार २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, म्हणजे दर पाचांतला एक. रक्तदाब कोसळण्याच्या बराच आधी रुग्णाचा श्वास वाढू लागतो, लघवी कमी होते, बोलणे असंबद्ध होते. तरुणांचा रक्तदाब तर शेवटपर्यंत टिकून राहतो आणि सगळ्यांना गाफील ठेवतो. मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. रुग्णाची प्रकृती ढासळत असल्याचा इशारा देणाऱ्या ब्रिटनच्या गुणांकनात २५ किंवा अधिक श्वासांना सर्वाधिक तीन गुण आहेत. तरीही हा आकडा न मोजता अंदाजाने लिहिला जातो, असे अनेक देशांत आढळले आहे.

श्वास नीट मोजा आणि इशारा मिळताच हालचाल करा, असे म्हटले की डॉक्टरांचा आक्षेप येतो, की प्रत्येक इशाऱ्यावर प्रतिजैविके दिली तर औषधांना न जुमानणारे जंतू वाढतील. भीती रास्त आहे. पण इशारा म्हणजे डॉक्टरला खाटेपाशी बोलावणे. औषधाची चिठ्ठी नव्हे. सेप्सिसविषयीच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही रुग्ण शॉकमध्ये असेल तर तासाभरात प्रतिजैविक द्यायला सांगितले, आणि शॉक नसून निदान अनिश्चित असेल तर तपासणीसाठी तीन तासांपर्यंत मुभा दिली. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो जास्त खरा आहे. वॉर्डभर रुग्ण एकट्या परिचारिकेवर सोपवायचे आणि नोंदी चोख मागायच्या, हा अन्याय आहे. नुसती यंत्रणा उभारूनही भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तातडीची पथके नेमूनही मृत्यू लक्षणीय घटले नाहीत; प्रकृती ढासळलेल्या अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावलेच गेले नव्हते.

म्हणून शासनाने व्हेंटिलेटरच्या खरेदीबरोबरच परिचारिकांची रिक्त पदे भरावीत, आणि वरिष्ठ डॉक्टरला थेट बोलावण्याचा लेखी अधिकार त्यांना द्यावा. नातेवाइकांनीही ताप उतरला एवढ्यावर निर्धास्त राहू नये. रुग्णाला धाप लागली, तो बरळू लागला किंवा लघवी थांबली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरला बोलवायला सांगा.