सॅम्पल फ्लॅट झकास, पण पाणी?

मागच्या रविवारी नवरा आणि मी नववा फ्लॅट बघायला गेलो. साइट ऑफिसमध्ये एसी, कोल्ड कॉफी आणि काचेच्या पेटीत बिल्डिंगचं मॉडेल. निळाशार स्विमिंग पूल, कारंजं, प्लॅस्टिकची हिरवीगार झाडं! ‘मॅम, मास्टर बाथरूमला रेन शॉवर आहे,’ सेल्सवाला मुलगा म्हणाला. ‘आणि त्यात पाणी कुठून येणार?’ मी विचारलं. तो गोड हसला. ‘कॉर्पोरेशनची लाइन येणारच आहे मॅम. तोपर्यंत टँकर.’

तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे काही ब्रोशरमध्ये नव्हतं.

आमच्या भाड्याच्या सोसायटीत गेली तीन वर्षं हेच ‘तोपर्यंत’ चालू आहे. मेंटेनन्समधला सगळ्यात मोठा खर्च टँकरचा. नळ बंद करा, बादलीने आंघोळ करा, हे सगळं आम्ही करतो. पण हिशेब मांडला की कळतं, बरीचशी बचत आपल्या हातात किल्ली येण्याआधीच ठरलेली असते. प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये!

साधं गणित बघा. घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ४५ लिटर निव्वळ फ्लशला. म्हणजे पिण्यालायक केलेलं एक तृतीयांश पाणी आपण थेट गटारात सोडतो. बाथरूम-बेसिनचं पाणी शुद्ध करून फ्लशला वापरता येतं, पण त्यासाठी वेगळी पाइपलाइन आणि वेगळी टाकी लागते. बांधतानाच टाकली तर सोपं. नंतर करायचं तर टाइल्स फोडा, शाफ्ट उघडा, शेजाऱ्यांशी भांडा...

दुसरं, पाऊस. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे होतात साडेतीन लाख लिटर. उडालं, सांडलं, पहिल्या पावसाचं धुळकट पाणी सोडून दिलं, तरी ८० टक्के धरा : २ लाख ८० हजार. दहा हजार लिटरचे २८ टँकर, फुकटात! सगळं साठवायला टाकी पुरणार नाही, मान्य. पण गाळून जमिनीत मुरवता तर येतं. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामांना रेनवॉटर हार्वेस्टिंगची सक्तीही आहे. कागदावर असतंच. जागेवर जाऊन खड्डा बघा.

माझी आजी वाड्यात वाढली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळातून शहरात आणलं गेलं आणि ठिकठिकाणच्या हौदांत खेळवलं. आजी म्हणायची, हौदात पाणी किती उरलंय ते येता-जाता दिसायचं, त्यामुळे कुणाला सांगावं लागायचं नाही. आपली टाकी पार्किंगखाली झाकलेली. पाणी संपल्याचं कळतं ते डोक्याला शाम्पू लावल्यावर! म्हणून प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र वॉटर मीटर हवा. बिल सगळ्यांत समान वाटलं जात असेल, तर बचत करणारा फक्त शेजाऱ्याच्या बाथटबचे पैसे भरतो.

तेव्हा पुढच्या साइट व्हिजिटला हे विचाराच :

• कॉर्पोरेशनचं कनेक्शन मंजूर झालंय का? कागद दाखवा.
• फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन आहे का?
• एसटीपी कोण चालवणार, आणि ते पाणी कुठे जाणार?
• ड्युअल फ्लश आणि नळांना एरेटर आहेत का?
• फ्लॅटगणिक मीटर आहे का?

आमच्या सेल्सवाल्याला पाचातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही. नवरा हळहळला, कारण त्याचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. मीही हळहळले, बाल्कनी खरंच सुंदर होती. पण वीस वर्षं ईएमआय भरायचा आणि रोज सकाळी टँकरचा हॉर्न ऐकायला गॅलरीत उभं राहायचं? टोकनचा चेक पर्समध्येच राहिला.

या रविवारी दहावा फ्लॅट. फोनवरच सांगून ठेवलंय, कॉफी नको, प्लंबिंगचं ड्रॉइंग काढून ठेवा!