नाल्याचं वळण सरळ करण्याआधी

पावसाची झड लागली की होस्टेलवर आपल्याला दोनच काळज्या. कपडे वाळत नाहीत आणि गावाकडे जाणारी एसटी बंद. पण पैनगंगा, पूस, अडाण, बेंबळा यांच्या काठावर ज्यांचं शेत आहे, त्यांची काळजी वेगळी. पूर ओसरतो, पण गेलेली जमीन परत येत नाही.

२२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर ४५ माणसं पुरात अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टर्स मागवावी लागली. ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण अशा प्रत्येक पुरामागे खरडून गेलेली शेतं उरतात. सातबाऱ्यावर एकर तेवढेच. बांधावर उभं राहून मोजलं की कमी भरतात. नदीने पात्र बदलून जमीन गेली, तर २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत हेक्टरी ४७ हजार रुपये धरलेत, तेही फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना. बोटभर माती तयार व्हायला मात्र शेकडो वर्षं लागतात.

नदीला दोष देऊन काय उपयोग? काठची गाळाची जमीन तिनेच आणून टाकली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आपटतं, तो काठ ढासळतो. आतल्या बाजूला वेग मंदावतो, तिथे वाळू-गाळ साचतो. उमरखेड तालुक्याच्या सीमेवरचा सहस्रकुंड धबधबा बघा, पैनगंगेने काळा कठीण खडकसुद्धा कापलाय!

आणि आपण काय करतो? नाला वाकडा दिसला की जेसीबी लावून सरळ करतो, काठच्या शिंदी-बाभळी उपटतो. जरा गणित करू. दोन टोकांच्या उंचीतला फरक तोच, पण अंतर निम्मं झालं, म्हणजे उतार दुप्पट. मॅनिंगच्या सूत्रात वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे बाकी सगळं तेच धरलं, तर वेग सुमारे १.४ पट. पाणी किती वजनाचा दगड ढकलेल, हे मात्र वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. म्हणजे थेट ८ पट! तिथे मातीच्या काठाची काय कथा? वरच्याचं पाणी लवकर निघतं, खालच्याचं शेत जातं.

माझं म्हणणं एवढंच की, खोलीकरण जरूर करा, पण वळण राहू द्या, काठाला उतार द्या आणि काठाचा पट्टा न नांगरता झाडांसाठी सोडा. उद्या अशा कामाच्या इस्टिमेटवर आपल्यापैकीच कोणीतरी सही करणार आहे. सही करण्याआधी त्याने एकदा खालच्या शेताच्या बांधावर जाऊन यावं...