बाळंतिणीचं ऐकतं कोण?

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला गेले, तेव्हा माझ्या बॅगेत झबली-टोपडी, बाळंतशेपा आणि डिंकाच्या लाडवांचं सगळं साहित्य होतं. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये माझ्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी बसली होती. तिच्या हातात होती फक्त एक वही. नर्स बाहेर आली की ही उठायची, लेकीचं ब्लडप्रेशर किती ते विचारायची आणि तो आकडा वेळेसकट वहीत उतरवून घ्यायची. मला वाटलं, बाई रिटायर्ड नर्स असावी. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तसं विचारलंही. ती हसली. म्हणाली, "छे, मी स्कूलबस चालवायचे. पण आमच्या मुलींचं इथे कुणी चटकन ऐकत नाही. वेळ आलीच तर लिहिलेलं हाताशी असावं."

मी नातवंड बघायला आले होते. ती लेकीवर पहारा द्यायला आली होती.

दोघींच्याही लेकी सुखरूप सुटल्या. पण ती वही काही डोक्यातून जाईना. नंतर जे वाचलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. आपल्या गल्लीतल्या कितीतरी आया दरवर्षी सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणाला तिकडे जातातच की!

मैत्रिणींनो, अमेरिकेइतका आरोग्यावर खर्च करणारा दुसरा देश नाही. तरीही 2023 मध्ये तिथे दर एक लाख जन्मांमागे गोऱ्या बायकांमध्ये 14.5 मातामृत्यू झाले आणि कृष्णवर्णीय बायकांमध्ये 50.3. म्हणजे जवळजवळ साडेतीन पट! मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे तंतोतंत तुलना करू नये, पण अंदाज यावा म्हणून सांगते, 2018-20 या काळात आपल्या महाराष्ट्राचा आकडा 33 होता. बाळांचंही तेच. 2022 मध्ये तिथे दर हजार गोऱ्या बाळांमागे साडेचार बाळं वर्षाच्या आत दगावली, तर कृष्णवर्णीय बाळांमागे जवळजवळ अकरा.

आपण लगेच म्हणतो, गरिबी असेल, शिक्षण नसेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण 2007 ते 2016 या दहा वर्षांच्या सरकारी आकडेवारीने हा समज खोटा ठरवला. पदवीधर कृष्णवर्णीय बाईला बाळंतपणातल्या मृत्यूचा धोका पदवीधर गोरीच्या पाचपट निघाला. इतकंच काय, शाळाही पूर्ण न केलेल्या गोरीपेक्षाही तो जास्त होता.

शॅलन अर्व्हिंगचंच बघा. पीएचडी झालेली, अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत, म्हणजे सीडीसीत, शास्त्रज्ञ. समाजातली विषमता माणसाला आजारी कशी पाडते, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. जानेवारी 2017 मध्ये तिला मुलगी झाली. नंतर रक्तदाब वाढला, पाय सुजला. ती पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेली आणि प्रत्येक वेळी घरी परतली. बाळ तीन आठवड्यांचं असताना ती गेली. वय 36.

टेनिसपटू सेरेना विल्यम्स वाचली, पण थोडक्यात. सप्टेंबर 2017 मध्ये सिझेरियन झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधीही झाला होता, त्यामुळे तिने स्वतःच सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधामुळे ही बरळतेय. तिने हट्ट धरला, तेव्हा कुठे स्कॅन झाला. गुठळ्या होत्याच! सेरेना हट्ट धरू शकली. साधी नोकरदार बाई काय करणार?

मग कृष्णवर्णीयांच्या रक्तातच काही दोष असेल का? तसंही नाही. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींचा एक अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या आयांच्या बाळांची वजनं गोऱ्या बाळांच्या जवळपास होती. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची बाळं मात्र हलकी. वंश तोच, मग फरक कशाचा? त्या देशात कृष्णवर्णीय म्हणून वाढण्याचा! आयुष्यभर सोसलेल्या अपमानाने आणि ताणाने शरीर आतून झिजतं, हे अर्लिन जेरोनिमस या संशोधक बाईंनी 1992 मध्येच मांडलं होतं.

आणि ऐकून न घेणं ही तिथली जुनी खोड आहे. स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणवले गेलेले डॉ. मॅरियन सिम्स यांनी 1840 च्या दशकात गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या ॲनार्का, बेट्सी आणि ल्यूसी एवढीच नावं आपल्यापर्यंत पोचली. न्यूयॉर्कमधला त्यांचा पुतळा हलवायला 2018 साल उजाडलं. 2016 मध्ये व्हर्जिनियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना प्रश्न विचारले, तर निम्म्या गोऱ्यांच्या मनात काळ्यांची कातडी जाड असते यासारखा एखादा तरी खुळा समज होता. असा समज बाळगणाऱ्यांनी त्यांच्या वेदनाही कमी मोजल्या.

उपाय नाहीत असं नाही. कॅलिफोर्नियाने 2006 पासून हॉस्पिटलांना एकत्र आणलं. बाळंतपणात गेलेलं रक्त नजरेच्या अंदाजाने न ठरवता मोजायचं, लागणारं सगळं सामान एका गाडीवर तयार ठेवायचं, अशा साध्या शिस्तीने 2013 पर्यंत तिथले मातामृत्यू निम्म्याहून कमी झाले. सगळ्याच बायकांना फायदा झाला, पण गोऱ्या-काळ्यांतली दरी राहिलीच. म्हणजे नुसती शिस्त पुरत नाही, नजरही बदलावी लागते.

दुसरा उपाय पैशाचा. तिथली चाळीस टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यावर होतात. पूर्वी बाळंतिणीचा हा विमा साठ दिवसांत संपायचा. निम्म्याहून जास्त माता मात्र दगावतात त्या बाळंतपणाला आठवडा उलटल्यावर, वर्षाच्या आत. 2021 च्या कायद्याने हा विमा वर्षभर देण्याची वाट उघडली आणि बहुतेक राज्यांनी तो दिलाही. काही राज्यं डूलाचे पैसेही देतात. डूला म्हणजे सुईण नव्हे. बाळंतिणीच्या सोबत राहणारी, धीर देणारी, डॉक्टरांना प्रश्न विचारायला बळ देणारी शिकलेली बाई. थोडक्यात, त्या आजीने वहीतून केलं तेच काम, पण रीतसर.

सरकारी समित्यांनी मृत्यूंची प्रकरणं तपासली, तेव्हा दहातले आठ मृत्यू टाळता आले असते असं दिसलं. ही गोष्ट मला सगळ्यात लागली.

आता आपल्यापुरतं. लेक तिकडे असो की इथे, बाळंतपणानंतर डोकं सतत ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, धाप, छातीत दुखणं, ताप, एका पायाला सूज, फार अंगावर जाणं, यातलं काहीही झालं तर "बाळंतिणीला होतंच असं" म्हणून गप्प बसायचं नाही. ताबडतोब डॉक्टर गाठायचा, आणि नुकतंच बाळंतपण झालंय हे आधी सांगायचं. वर्षभर लक्ष ठेवायचं.

यंदा धाकटीची वेळ आहे. डिंकाचे लाडू नेणारच आहे. पण या खेपेला बॅगेत एक वहीसुद्धा ठेवलीय.