खिडकी उघडी ठेवून खिमा शिजवा!

"वकीलसाहेब, जयभीम. घरात मोठ्याचा खिमा शिजवला तर गुन्हा होतो काय?"

असा फोन मला गेल्या महिन्यात आला. विचारणारा तरुण आपल्याच समाजातला, पदवीधर, नोकरदार. शहरातल्या एका इमारतीत त्याने नुकतेच घर घेतले आहे. रविवारी गॅसवर खिमा होता. शेजाऱ्याला वास गेला. त्याने बेल वाजवून 'पोलिसांना बोलावतो' अशी धमकी दिली. घाबरून त्याच्या पत्नीने अर्धाकच्चा खिमा पिशवीत बांधला आणि कचऱ्यात टाकला. अर्धा किलो मांस गेले याचे मला दुःख नाही. ज्या भीतीने ते गेले त्या भीतीचे दुःख आहे. म्हणून आज हा स्तंभ खिम्यासाठी.

आधी कायदा सांगतो, कारण अर्धी भीती कायदा माहीत नसल्यामुळे असते. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा १९७६ सालचा. गाईची कत्तल तेव्हापासूनच बंद आहे. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळू यांचीही त्यात भर पडली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हशीचे मांस या बंदीत नाही. सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घेऊन म्हशीची कत्तल होते, परवानाधारक दुकानात ते मांस मिळते. ते विकत घेणे, शिजवणे, खाणे हा गुन्हा नाही. त्या तरुणाच्या पातेल्यात म्हशीचाच खिमा होता!

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दोन कलमे रद्द केली. परराज्यात कायदेशीर कापलेल्या गाय-बैलाचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे ५-ड हे एक कलम. माणसाने घरात काय खावे हा त्याच्या खासगी जीवनाचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. आरोपीनेच आपले निर्दोषत्व सिद्ध करावे असे सांगणारे ९-ब हे दुसरे. राज्यात कापलेल्या गाय-बैलाचे मांस बाळगल्याच्या आरोपातही तो ताबा जाणीवपूर्वक होता हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

तेव्हा बांधवांनो, दुकानातून पावती घ्या आणि जपून ठेवा. कोणी दारात आले तर मांस फेकू नका. फेकलेले मांस उद्या तुमच्याचविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जाईल. पोलीस आले तर पंचनामा करायला सांगा, त्याची प्रत मागा, नमुना प्रयोगशाळेकडे जाऊ द्या, वकिलाला फोन करा. सोसायटीची सभा म्हणजे न्यायालय नव्हे आणि शेजारी म्हणजे फौजदार नव्हे.

पण उरलेली अर्धी भीती कायद्याची नाही, लाजेची आहे. आमच्या लहानपणी आई मोठ्याचे मटण आणायला पाठवी तेव्हा पिशवीवर भाजी ठेवायला सांगे. ते शिजताना खिडकी लावली जाई. शाळेत डब्यात काय आहे विचारले की आम्ही 'बटाटा' सांगत असू. आज आमची मुले इंग्रजी शाळेत जातात आणि तेच खोटे इंग्रजीत बोलतात. शिकलो, संघटित झालो. मग ताटावर झाकण का?

काही जण म्हणतात, बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितले. नीट वाचा. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडायला सांगितली. ते गावकीच्या गुलामीचे अन्न होते. स्वतःच्या कमाईने विकत घेतलेले ताजे मांस ही वेगळी गोष्ट आहे. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध उलगडला. एकेकाळी यज्ञात गाय कापणाऱ्यांनी पुढे ती पवित्र ठरवली आणि ज्यांच्या ताटात ते मांस राहिले ते अस्पृश्य ठरले, असे त्यांनी मांडले. आपल्या ताटावरून आपली जात ठरवण्याचा खेळ किती जुना आहे, ते यावरून कळते.

आणि धम्म? तथागतांकडे देवदत्ताने भिक्खूंना मांसबंदी करण्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. आपल्यासाठी मारताना पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे मांस भिक्खूला चालते. तरीही ज्या उपासकांनी मांस सोडले त्यांच्याविषयी मला आदर आहे. कोणावर लादणे हा आपला मार्ग नव्हे. तीच अपेक्षा आम्ही इतरांकडून करतो.

आता कृती. म्हशीचा मांडीचा अर्धा किलो तुकडा निवडा आणि समोरच दळून घ्या. तुकडा आधी धुवा. दळल्यावर धुतला तर रस वाहून जातो. या मांसात चरबी कमी असते, म्हणून तेल तीन-चार चमचे हवे. दोन मोठे कांदे लालसर परता. आठ-दहा लसूण पाकळ्या व इंचभर आले वाटून घाला. खिमा टाकून मोठ्या आचेवर उलथन्याने गुठळ्या फोडा. पाणी सुटून आटले की हळद, दोन चमचे काळा मसाला, मीठ, दोन टोमॅटो आणि दीड वाटी गरम पाणी घाला. कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या. मराठवाड्यातल्या घरात येसूर असतोच. भाजलेली धान्ये व मसाले दळून केलेला तो येसूर चमचाभर पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटे उकळा. वर कोथिंबीर, सोबत ज्वारीची भाकरी. दळलेल्या मांसात वरचे जंतू आतपर्यंत जातात, म्हणून गुलाबी भाग जराही राहता कामा नये. उरलेला खिमा लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी उकळवून संपवा.

२०१५ साली दादरीत फ्रिजमधल्या मांसाच्या संशयावरून एका माणसाला ठार मारले गेले. २०१६ साली उनात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या तरुणांना उघड्यावर मारले. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण एकट्याने खिडकी लावून ती जात नाही. वस्तीतल्या विहारात पाच-दहा कुटुंबांनी बसून कायदा वाचावा, वकिलाचा नंबर प्रत्येक घरात असावा.

त्या तरुणाला मी हेच सांगितले. पुढच्या रविवारी त्याने मला सहकुटुंब जेवायला बोलावले. खिमा थोडा तिखट झाला होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.