पाळकाचे घर

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या मंडळीने पाळकसाहेबांना निरोप दिला. एकतीस वर्षांची त्यांची सेवा, त्यांतली शेवटची सात वर्षे आमच्याकडे. शाल झाली, श्रीफळ झाले, पंचांची भाषणे झाली. (‘दोन शब्द’ बोलायला उठलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत खाली बसत नाही, हा अनुभव सर्व धर्मांत सारखाच असावा!) सगळ्यांच्या शेवटी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले.

आमच्या महाविद्यालयातील बऱ्याच मित्रांना हे शब्द नवे वाटतील म्हणून सांगतो. मंडळी म्हणजे गावातील ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, पाळक म्हणजे त्यांचा धर्मोपदेशक आणि पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे. पाळकाने रविवारी उपदेश करायचा, लग्ने लावायची, प्रेते मातीआड करायची, आजाऱ्यांना भेटायचे, भाऊबंदकी मिटवायची. बदलीचा हुकूम आला की ट्रंका बांधून पुढच्या गावी जायचे.

पाळकसाहेब आधी मंडळीबद्दल बोलले. मग मिशनबद्दल बोलले. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत कसे उतरले, 1831 साली अहमदनगरला (म्हणजे आजच्या अहिल्यानगरला) त्यांचे ठाणे कसे पडले, 1842 साली ‘ज्ञानोदय’ कसा निघाला, हे सारे त्यांनी तारखांसह सांगितले. आणि शेवटी, कागद घडी करून खिशात ठेवता ठेवता म्हणाले, “तीनशेच्या वर लग्नं लावली मी. पण माझ्या धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा मी दुसऱ्या गावी कन्व्हेन्शनला होतो, आणि थोरलीनं दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. ह्याचा हिशेब मी देवाला देईन, पण आधी घरच्यांना द्यायला पाहिजे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या खटकल्या. ती टाळ्यांची जागा नव्हती. आणि ज्यांना हिशेब द्यायचा त्या पाळकसाहेबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो, त्या त्या वेळी मंडपामागे पंगतीसाठी ताटे मोजत होत्या.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आवाहन एका माणसाला होते. त्याची किंमत मात्र सारे घर भरते. मग त्या घराला कोणी कधी विचारले आहे काय? धर्मकार्याचा इतिहास आपण वाचतो तो आवाहन झालेल्यांचा. किंमत भरणाऱ्यांचा इतिहास त्याच पुस्तकांच्या कोपऱ्यांत कुठे कुठे सापडतो. सुट्टीत मी ते कोपरे शोधत बसलो.

पहिले उदाहरण आपल्या भाषेशी थेट जोडलेले आहे. विल्यम केरी यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 साली वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने मराठी कोश प्रसिद्ध केला. मराठी गद्याच्या इतिहासात केरींचे नाव आपण परीक्षेपुरते का होईना पाठ करतो. हा माणूस 1793 साली इंग्लंडहून बंगालला निघाला तेव्हा त्याची पत्नी डोरथी हिने यायला साफ नकार दिला होता. ती गरोदर होती, पदरी लहान मुले होती, आणि तिने कधी समुद्रप्रवास मनातही आणला नव्हता. पुढे निघण्यास विलंब झाला, पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, या अटीवर ती बोटीत चढली. दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचे मन जे ढासळले ते पुन्हा सावरले नाही. 1807 साली ती श्रीरामपूरला वारली. (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या जिल्ह्यातले नव्हे.) तेव्हा 1805 साल म्हणजे काय? एका खोलीत मराठीची विभक्तिरूपे लावली जात होती आणि त्याच घरात ती बाई भ्रमिष्ट होऊन पडली होती. केरी वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. त्याने तिला टाकले नाही. पण त्या व्याकरणाच्या मुखपृष्ठावर डोरथीचेही काही देणे लागते, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरी आहे हॅरिएट न्यूएल. 1812 च्या फेब्रुवारीत ती नवऱ्याबरोबर अमेरिकेहून निघाली. कंपनी सरकारने कलकत्त्यास राहू दिले नाही, म्हणून ते मॉरिशसकडे वळले. वाटेत बोटीवरच मूल झाले आणि गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तीही गेली. वय वर्षे एकोणीस. माझे आजचे वय तेवढेच आहे, म्हणून हा आकडा मला विसरता येत नाही. मात्र हॅरिएटची गोष्ट डोरथीहून वेगळी आहे. ती विचार करून, स्वतःच्या निश्चयाने निघाली होती. दोघींनीही सोसले, पण एकीला निवड होती आणि दुसरीची निवड मोडून काढली गेली. माझ्या मते सारा फरक इथेच आहे.

आणि मुलांचे काय? रॉबर्ट विल्सन ह्यूम हे मुंबईतले मिशनरी 1854 साली मायदेशी परतताना समुद्रातच वारले. विधवा आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. त्यांतला मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम 1874 साली पुन्हा हिंदुस्थानात आला आणि नगरला त्याने आयुष्य घालवले. नगरकर ह्यूमसाहेबांना दुष्काळातल्या कामासाठी ओळखतात. ज्या मातेने ह्या कामात नवरा गमावला, तिने मुलाला पुन्हा त्याच वाटेने जाताना पाहिले. इतर कित्येक मिशनरी आपली सात-आठ वर्षांची मुले शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवून देत. अशा मुलांसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये ऑबर्नडेल येथे 1868 साली एका मिशनरी विधवेने वसतिगृहच काढले. म्हणजे आईबाप इथे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणार, आणि त्यांच्या मुलांना तिकडे दुसरे कोणी वाढवणार! पंडिता रमाबाईंनाही हे चुकले नाही. त्या अमेरिकेत निधीसाठी हिंडत होत्या तेव्हा पाच वर्षांची मनोरमा इंग्लंडमध्ये मठातल्या भगिनींकडे होती. तेव्हा हा दोष फक्त पुरुषांच्या माथी मारून चालणार नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. ते सगळ्यांत अवघड आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याचा पत्ता नव्हता. पदरी लहानगा दत्तू. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या, आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पुढेही संसार सरळ नव्हता. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, दारी आलेला परत जात नसे, दुष्काळातली पोरकी मुले घरात येत. 1917 साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. हा त्याग टिळकांचा म्हणून सांगतात. पण पगार थांबला की चूल कोणाची थांबते?

याबाबत माझा आणि वर्गातील एका मित्राचा वाचनालयात कडाक्याचा वाद झाला. तो म्हणाला, “अरे, टिळकांनी घराचा विचार केला असता तर आपल्याला लक्ष्मीबाई मिळाल्या असत्या का? ‘स्मृतिचित्रे’ मिळालं असतं का?” हा युक्तिवाद मी पुष्कळांकडून ऐकला आहे. 1934 पासून निघालेले ते पुस्तक मीही वाचले आहे. ज्या बाईने इतके सोसले तिला इतके हसू कसे येते, हे आश्चर्य मला प्रत्येक पानावर वाटले. तिने नवऱ्याला माफ केले असे म्हणण्यापेक्षा तिने त्याला पुरते ओळखले होते, असे मी म्हणेन. पण तिला लिहिता आले हे तिचे कर्तृत्व. ते टिळकांच्या खात्यावर जमा करणे मला पटत नाही. सोसणाऱ्यांत एक लक्ष्मीबाई निघते म्हणून सोसायला लावणे बरोबर ठरत असेल, तर डोरथीचे काय करायचे? तिने काहीच लिहिले नाही, म्हणून तिच्या बाजूने वाद घालणाराही कोणी नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. प्रत्येकाने आधी घराला विचारले असते तर कोणी घराबाहेर पडलेच नसते, असे तो म्हणाला. सिंथिया फरार 1827 साली आली नसती, नगरला तिने मुलींची शाळा चालवली नसती, आणि ती शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात जे पेटले ते कदाचित पेटले नसते. खरे आहे. माझ्या घरात आज मी कॉलेजात आहे त्याच्या मुळाशीही मिशनची एक चौथीपर्यंतची शाळा आहे, जिथे माझे आजोबा अक्षरे गिरवायला शिकले. तेव्हा कोणी जाऊच नये असे मी म्हणूच शकत नाही. पण फरारबाई अविवाहित होत्या, त्या स्वतःचेच आयुष्य खर्च करीत होत्या, हे माझ्या मित्राने लक्षात घेतले नाही.

हा वाद मी घरी जाऊन मोठ्या तावातावाने आईला सांगितला. ती भाकरी थापत होती. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “खरं हाय बाबा तुझं. पर तुला कालेजात घातलं तवा ताईला कुठं इचारलं व्हतं आपण?”

माझी ताई दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. दोघांचा खर्च झेपणार नाही म्हणून ती शिवणकामाला बसली. तिने तेव्हा हट्ट केला नाही, आणि तिने हट्ट केला नाही हेच मी आजवर तिची संमती समजत आलो. माझी फी भरली जाते त्यात तिच्या मशीनचे पैसे असतात. आईच्या बोलण्यावर मला काही उत्तर सुचले नाही. दोन दिवसांनी मी ताईला विचारले. ती म्हणाली, “आता विचारून काय करतोस? पुस्तकं आण मला वाचायला.” मी वाचनालयातून ‘स्मृतिचित्रे’ नेऊन दिले आहे. ते मुदतीत परत झालेले नाही, हे आमच्या ग्रंथपालसाहेबांनी कृपया येथे वाचू नये.

एक तोडगा मात्र मला दूरच्या एका प्रांतात दिसतो. मिझोराममधल्या मंडळ्यांत गेली शंभरावर वर्षे एक रीत आहे. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातला मूठभर बाजूला ठेवते. तो मंडळीत जमा होतो, विकला जातो, आणि त्या पैशावर त्यांचे मिशनरी इतर राज्यांत काम करतात. एकेकाळी ज्यांच्याकडे परदेशातून मिशनरी आले, ते आज मुठीमुठीने स्वतःचे मिशनरी पाठवतात. ह्या रीतीत मला आवडते ते हे की, खर्च कोणाच्या चुलीतून होतो हे तिथे झाकलेले नाही, आणि मूठ भरणारा हात त्या बाईचा स्वतःचा असतो. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 साली हिंदुस्थानात आले होते. मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वतः प्रसार करणारी असावी, अशी त्यांची शिकवण. स्थानिक पाळकाचा पगार स्थानिक लोकांना झेपेल एवढाच असावा, हेही त्यांचेच मत. तत्त्व म्हणून ते मला आजही मान्य आहे. पण ‘लोकांना झेपेल एवढा’ हे ठरवताना पाळकाच्या घराला झेपेल का, हा प्रश्न कोणाच्या वहीत लिहिलेला मी पाहिला नाही. आमच्या पंचांच्या वहीत तर नाहीच. मी ती वही पाहिली आहे. वर्गणी थकली की पाळकाचा पगार थकतो, आणि लाऊडस्पीकरचे भाडे मात्र वेळेवर जाते.

आमच्याकडे जूनमध्ये नवे पाळक आले. तरुण आहेत, बरोबर पत्नी आणि दोन मुले. त्यांच्या स्वागतसभेत त्यांना रीतीप्रमाणे विचारण्यात आले की, ही मंडळी सांभाळण्यास आपण तयार आहात काय? ते ‘होय’ म्हणाले. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. मागच्या वर्षी मलाही ते खटकले नसते.

माझे वडील यंदा पंचांत आहेत. त्यांच्यामार्फत मी पंचांपुढे तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. पाळकाचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यावा. आठवड्यातला एक दिवस, निदान सोमवार, कोणी मरण पावल्याखेरीज त्यांच्या दाराची कडी वाजवू नये. आणि बदली शाळेच्या वर्षाच्या मध्यावर होऊ नये म्हणून मंडळीने वर लेखी विनंती करावी. पहिली गोष्ट मंजूर झाली. दुसरीवर हशा झाला. तिसरी पुढच्या बैठकीत घेऊ, असे ठरले आहे.